मामाच्या क्वाडला दांडी: टू-व्हील आणि फोर-व्हील बदलायची सोय

"जीपला दांडी हाय. वढली की चार चाकं, सोडली की दोन. हिलाच का न्हाई?"

मामाचा हा प्रश्न मी दोन पावसाळे टाळला. त्याची मुळशीकडे भातशेती आहे. तारुण्यात त्याने महिंद्राची जीप चालवली, त्यामुळे फोर-व्हील म्हटलं की त्याला दांडीच आठवते. क्वाड, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी, त्याने एका बंद पडलेल्या रिसॉर्टकडून घेतली: होंडाची फोरट्रॅक्स ३००, चारही चाकांना कायम इंजिनाचा जोर, म्हणजे कायम फोर-व्हील. खताची पोती, रोपांच्या मुठी, पंपाचे पाइप, सगळं तिच्यावरच. चिखलात ती बकरीसारखी चढते. पण घरापासून शेतापर्यंत आता सिमेंटचा रस्ता झालाय, आणि त्यावर वळताना हँडल इतकं जड होतं की मामाचा खांदा धरला. पुढचे टायर एका हंगामात कडेने झिजले.

माझं भोसरीत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांचं होतं, आता मी चालवते. शेवटी क्वाड छोटा हत्तीत घालून चांदणी चौकातून भोसरीला आणली. हिला रस्त्याचं पासिंग नाही, मामाच्या बांधाबाहेर ती चालवत न्यायची नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढे लिहिलंय ते आम्ही काय केलं, का केलं आणि मी कुठे चुकले. तुमची गाडी वेगळी असेल तर माझी मापं उचलू नका, पद्धत उचला.

आधी दुखणं काय ते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे जास्त अंतर कापतात. मधे डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) नसेल तर इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. हा फरक कुठेतरी सुटावा लागतो. चिखलात चाक घसरतं आणि सुटतो. सिमेंटवर चाक घसरत नाही, मग शाफ्ट पीळ खातो, गिअर कण्हतात, टायर फरफटतो. इंजिनाकडून पुढे जाणारा शाफ्ट तोडता-जोडता आला की काम झालं. एवढंच करायचं आहे, पण "एवढंच" या शब्दावर आमच्या धंद्यात कुणी विश्वास ठेवत नाही.

ज्यांच्या गाडीत हँडलवर आधीच बटण आहे, त्यांनी हे करूच नका. होंडाने पहिली फोर-व्हील क्वाड १९८६ साली आणली, ती फोरट्रॅक्स ३५०. नंतरच्या मॉडेलांत बदलायची सोय कंपनीनेच दिली. पोलारिसच्या क्वाडमध्ये पुढच्या गिअरकेसात रोलर क्लच असतो. बटण दाबलं की कॉइलला करंट जातो, आणि मागची चाकं घसरली की रोलर अडकून पुढची चाकं ओढायला लागतात. अशा गाडीत फोर-व्हील लागत नसेल तर निम्म्या वेळा फ्यूज, कुरतडलेली वायर नाहीतर गंजलेला कनेक्टर निघतो. मल्टीमीटर घेऊन बसा, पाना नंतर उचला.

फुकटातला उपाय

आमच्यासारख्या कायम फोर-व्हील गाडीत पुढचा शाफ्ट काढून ठेवला की ती टू-व्हील होते. रबरी बूट सरकवायचे, शाफ्ट सोडवायचा, उघड्या स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्ट ज्यांत अडकतो त्या लांबट दातांवर, ग्रीस लावून टोपी बसवायची म्हणजे सीलपर्यंत माती जात नाही. दिवाळीनंतर काढायचा, मे संपताना बसवायचा. खरं सांगू, वर्षातून दोनदाच बदलायचं असेल तर याहून शहाणपणाचं काही नाही. एक हंगाम आम्ही तेच केलं. पण मामाला सकाळी सिमेंट, दुपारी खाचर, संध्याकाळी परत सिमेंट. तो काही रोज शाफ्ट काढणार नव्हता.

जीपसारखे हाताने फिरवून चाक जोडायचे-सोडवायचे हब बसवू, असंही एकाने सुचवलं. जीपच्या हबात त्याला जागा असते. आमच्या क्वाडच्या पुढच्या हबात ब्रेकचा ड्रम, बेअरिंग, अॅक्सलची नट, सगळं कोंबलेलं. तिथे लेथ चालवून चूक झाली तर चाक निखळतं. शाफ्टमध्ये चूक झाली तर फार तर गाडी दोन चाकांवर घरी येते. चूक कुठे परवडेल हे बघून मी जागा निवडली.

मोजल्याशिवाय काही कापू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मी पाच दिवस घालवले. पुढचे-मागचे टायर मुळातच जुळत नसतील तर सरळ रस्त्यावरही शाफ्ट पिळला जातो, आणि मग तुमची नवी जोडणी टू-व्हीलवर यायलाच नकार देते.

हवेपासून सुरुवात करा. क्वाडच्या टायरला मोटारसायकलसारखी पंचवीस-तीस पीएसआय हवा नसते, बहुतेकांना तीन ते पाच पुरते. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. पंपावरच्या गेजला इतकी कमी हवा धड दिसतही नाही. मामाच्या गाडीचा एक टायर फुग्यासारखा टणक होता आणि दुसऱ्यात बोट रुतत होतं. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या.

मग सपाट फरशीवर, चालवणारा माणूस गाडीवर बसवून, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा. चाकाचे दहा फेरे होईपर्यंत गाडी ढकला, टेपने अंतर मोजा, दहाने भागा. पुढचं चाक वेगळं, मागचं वेगळं. नुसता व्यास मोजून चालत नाही, कारण वजनाने टायर बसतो.

आता गिअरचं प्रमाण. गाडी मजबूत स्टँडवर उचला, पुढचा शाफ्ट काढा, न्यूट्रलमध्ये टाका. मागचं चाक हाताने दहा फेरे फिरवा आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूचा स्टब (शाफ्ट जिथे जोडतो ते बाहेर आलेलं टोक) किती फिरला ते मोजा. मग पुढच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलचं, म्हणजे डिफचं, शाफ्ट जोडायचं तोंड हाताने फिरवून पुढची चाकं किती फिरतात ते मोजा. इथे काका, म्हणजे आमचे जुने टर्नर, मला हसले. मी एकाच चाकाकडे बघत होते. डिफ असल्यामुळे एक चाक अडलं तर दुसरं दुप्पट फिरतं. दोन्ही चाकांचे फेरे मोजून बेरजेचा निम्मा घ्यायचा.

हिशोब असा. समजा मागच्या चाकाच्या एका फेऱ्यात गाडी १.८४ मीटर जाते आणि तेवढ्यात स्टब ३.५ वेळा फिरतो. दहा मीटरला स्टबचे फेरे झाले १९.०. पुढचं चाक एका फेऱ्यात १.८२ मीटर आणि डिफचं तोंडही ३.५ वेळा, तर दहा मीटरला १९.२. फरक साधारण एक टक्का. दोन-तीन टक्क्यांपर्यंत मी सोडून देते. मामाच्या गाडीत साडेसहा निघाला, कारण आधीच्या मालकाने मागे मोठे टायर घातले होते. योग्य मापाचे मागचे टायर आणले आणि हवा सारखी केली, तर हँडलचा जडपणा निम्म्यावर आला. मामा म्हणाला, "मंग झालंच की काम." मोह झाला होता मलाही, पण उरलेला निम्मा जडपणा होताच.

शाफ्टवर जोर किती येतो

इंजिनाच्या ताकदीवरून हा हिशोब करू नका, पकडीवरून करा. टायर घसरेपर्यंतच जोर येतो. पुढच्या चाकांवर माणसासकट दीडशे किलो धरले, म्हणजे साधारण १५०० न्यूटन. पकड ०.८ धरली, चाकाची त्रिज्या ०.३ मीटर. चाकांवर ३६० न्यूटन-मीटर. डिफच्या साडेतीनने भागलं की शाफ्टवर शंभरच्या आसपास. झटके, दगड आणि मामा, यांच्यासाठी तिप्पट. तीनशे न्यूटन-मीटर सहन करणारी जोडणी हवी.

जोडणी अशी: शाफ्टचे दोन तुकडे, दोन्हींच्या समोरासमोरच्या टोकांवर सारख्या बाहेरच्या स्प्लाइन, आणि त्यांवर सरकणारा एक स्लीव्ह, ज्याला आतून स्प्लाइन. स्लीव्ह दोन्ही तुकड्यांवर असला की फोर-व्हील. सरकून पूर्ण इंजिनाकडच्या तुकड्यावर गेला की टू-व्हील. स्प्लाइन आम्ही सहा दातांची घेतली, आतला व्यास २१, बाहेरचा २५, दात ५ मिलिमीटर रुंद. हे प्रमाणित माप आहे, म्हणून कटर सहज मिळतो. दोन्ही तुकडे ईएन २४ या मिश्र पोलादाच्या टफन केलेल्या बारमधून, जो 'टी' कंडिशन म्हणून मिळतो. तो तसाच कापता येतो, नंतर हार्डनिंगला पाठवून वाकडा करून आणायची भानगड नाही.

जुन्या शाफ्टच्या टोकांच्या बारीक स्प्लाइन नव्याने काढत बसू नका. जुन्या शाफ्टची दोन्ही टोकं कापून ठेवा, त्यांना २० मिलिमीटरचा खुंट काढा, नव्या तुकड्याच्या ३२ मिलिमीटर जाड बाजूत भोक करून प्रेसने दाबून बसवा आणि आरपार दोन ६ मिलिमीटरच्या डॉवेल पिना मारा, एक उभी, एक आडवी. जुना शाफ्ट वरून कडक असतो, साधा ड्रिल नुसता चमकवतो, कार्बाइडचा लागतो. "वेल्डिंग मारून टाक" असं सांगणारे खूप भेटतील. ईएन २४ ला नीट तापवल्याशिवाय केलेलं वेल्डिंग शेजारून तडकतं, आणि ते शेतात तडकतं, वर्कशॉपमध्ये नाही. शिवाय पीन तुटली तर पीन जाते, डिफ वाचतो.

दोन तुकडे एका रेषेत राहावेत म्हणून इंजिनाकडच्या तुकड्याला १० मिलिमीटरचा खुंट आणि पुढच्यात गनमेटलचा बुश, म्हणजे खुंट ज्यात फिरतो ती नळी. मी आधी इथे नीडल बेअरिंग घालणार होते. काकांनी विचारलं, "दोघं फिरतात तर फरक किती?" खरंच. टू-व्हीलमध्येही मागची चाकं एक तुकडा फिरवतात आणि जमिनीवर लोळणारी पुढची चाकं दुसरा. दोघांचा वेग जवळपास सारखा. बुशला कामच नाही, फक्त वळताना थोडं.

स्लीव्हची माझी चूक

स्लीव्ह मी ईएन २४ चा टर्न केला, आतली स्प्लाइन वायरकटवर (विजेच्या ठिणग्यांनी बारीक तारेने कापणारं मशीन) काढून घेतली आणि मग हार्डनिंगला पाठवला. उलटं केलं. परत आला तेव्हा भोक आक्रसलेलं आणि किंचित लंबगोल. शाफ्टवर चढेना. घासून घासून चढवला तर एका बाजूला अडकायचा. एक जॉब, दोन दिवस आणि वायरकटवाल्याचे पैसे पाण्यात.

बरोबर क्रम: आधी टर्निंग, मग ८३०-८५० अंशांना तापवून तेलात, मग टेम्परिंग करून, म्हणजे पुन्हा कमी तापवून, कडकपणा ४५ एचआरसीच्या आसपास, आणि सगळ्यात शेवटी वायरकट. वायरकटला कडक-मऊ सारखंच, म्हणून वाकण्याची भीती राहत नाही. केस हार्डनिंग, म्हणजे फक्त वरचा थर कडक करणं, मात्र इथे नको. वरचा कडक थरच वायर खाऊन टाकेल. दातांच्या तोंडांना साधारण ३० अंशांचा उतार द्या, दोन्हीकडे. त्याशिवाय दात समोरासमोर आले की नुसते टकरा मारतात. स्लीव्हवर बाहेरून, त्याला सरकवणाऱ्या फोर्कसाठी खाच, आणि फोर्कच्या टोकांना गनमेटलच्या चकत्या. गाडी चाळीसच्या वेगात असली तर शाफ्ट मिनिटाला बाराशेच्या आसपास फिरतो, लोखंडावर लोखंड घासू देऊ नका.

सगळ्यावर दोन भागांचं झाकण. त्यात दोन्ही टोकांना ६००५ नंबरचं बेअरिंग आणि बाहेरून २५ × ४७ × ७ ची ऑइल सील. दोन्ही नाना पेठेत मिळाले. झाकण चासीला पट्टीने बांधा, नाहीतर तेही शाफ्टबरोबर फिरायला बघेल. आत लिथियम ग्रीस थोडंच. ठासून भरलंत तर थंडीत स्लीव्ह सरकत नाही. आमच्या गाडीत इंजिन आणि डिफ दोन्ही चासीलाच पक्के आहेत म्हणून सरळ शाफ्ट चालला. जिथे इंजिन रबरावर हलतं किंवा शाफ्टला युनिव्हर्सल जॉइंट आहे, तिथे हे असंच चालणार नाही.

स्प्रिंग कुठल्या दिशेला?

हा प्रश्न छोटा वाटतो, पण मी सगळ्यात जास्त विचार याचाच केला. केबल ओढली की फोर-व्हील लागावं, की केबल ओढली की सुटावं?

पहिल्यांदा सुचतं ते "ओढलं की लागावं". मामाच्या जीपसारखं. पण केबल एक दिवस तुटणार, आणि ती पावसातच तुटणार. तेव्हा गाडी टू-व्हीलवर आली तर खाचरात अडकली. त्याहून वाईट, उतारावर इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागेल, मागचं वजन उतारामुळे आधीच हलकं झालेलं असतं, आणि गाडी आडवी फिरते. म्हणून आम्ही स्प्रिंगने स्लीव्ह कायम फोर-व्हीलकडे ढकललेला ठेवला. केबल ओढून धरली की टू-व्हील. केबल तुटली तर गाडी जशी कंपनीने दिली तशी होते.

याचा दुसरा फायदा नंतर कळला. दात समोरासमोर आले तरी हाताने जोर लावायचा नाही. दांडी सोडून द्यायची, गाडी एक हात पुढे सरकली की स्प्रिंग स्वतःच 'टक्' करून स्लीव्ह बसवते. सोडवतानाही तसंच: शाफ्टला पीळ असेल तर स्लीव्ह हलत नाही, दांडी ओढून ठेवून गाडी थोडी मागे घ्यायची.

दांडी म्हणून ट्रॅक्टरचं इंजिन बंद करायचं खेचनॉब वापरलं, जे ओढून फिरवलं की तिथेच अडकून राहतं. केबल नाना पेठेत मापाने करून मिळते. झाकणावर एक छोटा स्विच आणि तापकीर गल्लीतला हिरवा दिवा, म्हणजे स्लीव्ह खरंच बसलाय का ते दिसतं. दिवा नॉबच्या जागेवरून लावू नका, स्लीव्हवरून लावा. नॉब खोटं बोलू शकतो.

खर्च साधारण बावीस हजार झाला, फुकट गेलेल्या स्लीव्हसकट आणि माझी मजुरी सोडून. टायर वेगळे.

चाचणी

पहिल्यांदा स्टँडवर. टू-व्हीलवर टाकून पहिल्या गिअरमध्ये सावकाश चालवा. पुढची चाकं ग्रीसच्या ओढीने थोडी फिरली तर घाबरू नका, हाताने धरली तर थांबायला हवीत. नंतर कोरड्या मुरमावर आठचा आकडा काढा, दोन्हींत. टू-व्हीलमध्ये हँडल एका हाताने वळायला हवं. मग अर्धा तास चालवून झाकणाला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर बेअरिंग फार घट्ट दाबलंय. आम्हाला पहिल्यांदा बसला.

आणि चालवण्याचा एकच नियम, जो मी मामाला दहा वेळा सांगितला: चिखलात शिरायच्या आधी फोर-व्हील लाव. सरळ चालताना पुढचे-मागचे शाफ्ट जवळपास एका वेगाने फिरतात, स्लीव्ह लोण्यासारखा बसतो. पण एकदा मागची चाकं चिखलात गरगरायला लागली आणि पुढची उभी असली, की तेव्हा दांडी सोडणं म्हणजे फिरत्या करवतीवर पाना ठेवणं. अडकलातच तर आधी गॅस सोडा, चाकं थांबू द्या, मग लावा. उतारावर नेहमी फोर-व्हील. टू-व्हील फक्त कोरड्या, सपाट, कडक जमिनीवर.

मामा मान डोलवत होता. जीपवाले मान छान डोलवतात.

लावणी आटोपल्यावर मी पौडच्या पुढे जाऊन झाकण उघडलं. ग्रीस स्वच्छ, सील कोरडी, बुश नव्यासारखा. पिना जागच्या जागी. फक्त स्लीव्हच्या दातांची पुढची तोंडं एका बाजूने चेचली होती.

"चिखलात लावलंस?"

"एकदाच," मामा म्हणाला.

मी स्लीव्ह उजेडात फिरवून त्याला दाखवला. एकावर एक चढलेल्या खुणा होत्या, मोजता येत नव्हत्या. तो काही बोलला नाही, आत जाऊन मामीला चहा टाकायला सांगून आला. मी ऑइलस्टोन काढला, सहाही दातांचा उतार पुन्हा घासून घेतला आणि स्लीव्ह उलटा करून बसवला. त्याची दुसरी बाजू अजून कोरी होती.